गटाराच्या पलीकडचं टेबल

भाजलेला हात वीस मिनिटं गार पाण्याखाली धरावा, अशी पाटी 'द फ्लीस' पबच्या स्वयंपाकघरात लावलेली आहे. तिच्यावर तेलाचे इतके शिंतोडे उडालेत की 'वीस' आता वाचता येत नाही.

*

ऑड्री ओडलिंग गेली तेव्हा तिच्या फ्रीजरमध्ये एकोणतीस डबे निघाले. प्रत्येकावर पदार्थाचं नाव. तिच्या नवऱ्याने, लायोनेलने, ते एकोणतीस दिवसांत संपवले. तिसाव्या दिवशी त्याने टाय बांधला आणि बाहेर जेवायला गेला.

*

वेल्डनबी गावच्या ऑगस्टच्या जत्रेत बिअरचा तंबू एकाच पबला मिळतो. ज्याला मिळाला त्याचा हिवाळा सुटला.

*

परवान्याच्या नकाशावर पबची हद्द लाल रेघेने दाखवतात.

*

बसमध्ये ज्याच्या पायावर पाय पडतो तो आधी सॉरी म्हणतो. पाय देणारा नंतर.

*

हॉर्सरॅडिशची झणझणीत चटणी नसेल तर रविवारचं बीफ खाणारं गिऱ्हाईक रागाने नाही, दुःखाने बघतं. ते बघणं जास्त वाईट.

*

जॅनिस पॉकलिंग्टन 'पॅक हॉर्स'ची मालकीण. वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे. नवरा अकरा वर्षांपूर्वी डार्ट्सच्या टीममधल्या एकीबरोबर स्पेनला गेला. तिथे पब चालवतो, आणि सांगणारे सांगतात की चांगला चालवतो. जॅनिसचा चालतो असं म्हणायची पद्धत आहे. सोमवारी दुपारी चाळीस खुर्च्यांवर चार माणसं. त्यातला एक लायोनेल ओडलिंग.

लायोनेल रस्ते खात्यात नकाशे काढायचा. आता चौऱ्याहत्तरचा. बायको गेल्यापासून त्याने आठवडा लावून घेतला होता. सोमवारी पॅक हॉर्समध्ये स्टेक-पाय, म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेलं बीफ. मंगळवारी नाक्यावरचं मासे-चिप्सचं दुकान, आतल्या बाकावर बसून. बुधवारी 'द क्राउन'मध्ये पेन्शनरांचं ताट. गुरुवारी शफीक मियाँच्या 'सुरमा'त एक कोरमा, एक नान. शुक्रवारी पुन्हा मासे, पण हॉटेलात, मांडीवर रुमाल घेऊन. रविवारी 'द फ्लीस'मध्ये भाजलेलं बीफ. शनिवारी कुठेच नाही. शनिवारी लोक पोराबाळांसकट बाहेर पडतात, तेव्हा एकट्याने चार खुर्च्यांचं टेबल अडवणं त्याला पटत नसे. म्हणून रविवारी ऑर्डर देताना त्याचा आवाज आधी फाटायचा. शनिवारभर तो वापरलेलाच नसायचा.

जॅनिसला तो आवडत नव्हता. कारण सांगायला गेलं तर लाज वाटावी इतकं लहान. दर सोमवारी तो ताट चाटूनपुसून संपवायचा, काटा-सुरी सरळ शेजारी शेजारी ठेवायचा आणि म्हणायचा, "छान होतं हं, मिसेस पॉकलिंग्टन. ग्रेव्ही तर जवळजवळ जमली होती."

जवळजवळ. चार वर्षं. दोनशे सोमवार.

तो हे कौतुक म्हणूनच म्हणतो, हे तिला कळत होतं. त्यामुळे ते जास्त झोंबायचं.

*

मार्चचा शेवटचा रविवार, दुपारचा दीड. जॅनिसकडची हॉर्सरॅडिशची बरणी संपली, म्हणून ती हिरवा कोट अंगावर टाकून 'द फ्लीस'मध्ये बरणी मागायला गेली. पुढच्या दारानेच गेली, त्यामुळे सगळं तिला दिसलं.

'द फ्लीस'चा मालक बॅरी स्टॅमर्स. अंगाने दरवाजाएवढा आणि गावातल्या पब-हॉटेलवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. सकाळी अकरापासून तो बारमागे नव्या पिंपाची चव बघत होता. आता तो कढत ग्रेव्हीचा मोठा जग घेऊन टेबलांमधून चालला होता. चालला होता तो उलटा, कारण तोंड बारकडे होतं आणि तिथल्या कुणाला तरी फुटबॉलवरून शिव्या घालायच्या राहिल्या होत्या. त्याचं ढुंगण लायोनेलच्या खुर्चीच्या पाठीवर आदळलं. लायोनेल जागचा हलला नव्हता. तोंडात बटाटा होता. जग कलंडला आणि शेजारच्या टेबलावरच्या लॉर्ना क्रोच्या उघड्या हातावर ग्रेव्ही पडली, मनगटापासून कोपरापर्यंत.

लॉर्ना किंचाळली.

लायोनेल उठला, बटाटा कसाबसा गिळला आणि म्हणाला, "सॉरी."

मग, "अरे देवा, सॉरी हं."

मग रुमाल पुढे करत, "माझंच चुकलं. खुर्ची जरा मागे घेतली होती बहुतेक."

बॅरीने हातातल्या जगाकडे पाहिलं. मग लॉर्नाकडे. मग लॉर्नाच्या नवऱ्याकडे, जो वकिलाच्या कचेरीत काम करत होता. आणि मग लायोनेलकडे. त्याच्या डोक्यात प्रकाश पडताना जॅनिसने दारातून स्पष्ट पाहिला.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं, आजोबा?" बॅरी गरजला.

"सॉरी," लायोनेल म्हणाला.

माफ्या चार झाल्या.

*

संघाची बैठक. एप्रिलचा पहिला मंगळवार, दुपारी तीन, 'द क्राउन'चा मागचा हॉल. हजर: अकरा सभासद. चहा-बिस्किटं: क्राउनतर्फे. इतिवृत्त लिहिणार: जॅ. पॉकलिंग्टन, चिटणीस.

विषय चौथा: लायोनेल ओडलिंग यांच्या वागणुकीमुळे ग्राहकास इजा. चर्चा झाली.

(चर्चा अशी झाली.)

"ओडलिंगसाहेब?" शफीक मियाँ म्हणाले. "अहो, ते नानचा चुरासुद्धा बोटांनी गोळा करून बशीत ठेवतात."

"शफीकभाई, चाळीस माणसांसमोर कबूल केलंय त्याने," बॅरी म्हणाला. "चाळीस! मी काय त्याच्या तोंडात शब्द भरले, बोल म्हणून?"

"कबूल म्हणजे सॉरीच म्हणाले ना? मी दिवसातनं शंभरदा म्हणतो."

"मग जपून म्हणत जा."

हशा झाला. 'द क्राउन'ची डेनिस हसली नाही. "पण वर्षभराची बंदी, बॅरी? त्या म्हाताऱ्याला?"

"हे बघ, राणी," बॅरी म्हणाला, "लॉर्नाचा नवरा विचारतोय, जबाबदार कोण. संघाने सांगितलं की अमका माणूस बेफिकीर आहे, तर त्याला उत्तर मिळालं. नाही सांगितलं, तर तो विचारणार, जग कुणाच्या हातात होता. आज माझा नंबर, उद्या तुझा."

बाकीच्या दहाजणांनी आपापल्या चहात पाहिलं.

शफीक मियाँ वळले. "जॅनिसबाई, तुम्ही होता ना तिथे?"

बॅरीने तिच्याकडे पाहिलं नाही. बिस्किट चहात बुडवत तो म्हणाला, "आणि हो, जत्रेच्या तंबूचं जूनमध्ये ठरवायचंय. तेही लिहून घे गं जॅनिस, नाहीतर राहून जाईल."

जॅनिसने जे वाक्य म्हटलं नाही ते असं: खुर्ची हलली नव्हती, बॅरी उलटा चालत होता. सात शब्द.

तिने म्हटलं ते असं: "मी हॉर्सरॅडिश न्यायला गेले होते. तो सॉरी म्हणाला, ते ऐकलं मी."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तिने बिस्किट घेतलं.

हात वर झाले. शफीक मियाँचा सगळ्यात शेवटी, तोही कानापर्यंतच, जणू कान खाजवायला नेला होता. जॅनिसने तो मोजला. ठराव एकमताने मंजूर. मुदत एक वर्ष. नियम नेहमीचाच: एका दारी बंदी, ती अकरा दारी.

बंदी घातलेल्यांच्या बोर्डावर लावायला फोटो हवा होता. तो जॅनिसनेच दिला. ऑड्रीची सत्तरी पॅक हॉर्समध्ये झाली होती, त्याचा एक फोटो भिंतीवर होता. जॅनिसने त्यातून ऑड्रीला कापून काढलं. लायोनेलच्या खांद्यावर तिची चार बोटं राहिली, पण ती काढायला गेलं तर त्याचा कान जात होता.

*

लायोनेलला पत्र मिळालं. तो भांडला नाही. त्याने निळ्या शाईत अकरा पत्रं लिहिली, अकरा सभासदांना, आणि ती स्वतः दारोदार जाऊन टाकली. 'माझ्याकडून घडलेल्या प्रकारामुळे आपणा सर्वांना जो त्रास झाला त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.'

बॅरीने त्याच्या पत्राची प्रत काढून लॉर्नाच्या नवऱ्याला दिली. "आता बोला," म्हणाला.

*

पुढच्या सोमवारी बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे नेहमीच्याच वेळेला, लायोनेल पॅक हॉर्सच्या मागच्या दाराशी उभा. टाय होता.

"आत नाही हं येत मी," तो घाईने म्हणाला. "आत यायचं नाही, ते ठाऊक आहे."

"मग?"

"चिप्सवाले पुडी बांधून देतात, चांगले आहेत बिचारे. पण ती घरी जाऊन उघडायची कुणासमोर?" तो हसला. मग हसणं मिटून घेतलं. "मला वाटलं, बाहेर अंगणात वगैरे... तुमची अडचण होत नसेल तर."

जॅनिसने विचार केला. बार तसा रिकामाच होता, आणि स्टेक-पाय उरला की फेकावा लागतो. तिने मागच्या अंगणात एक रिकामं पिंप उभं केलं, त्यावर ताट ठेवलं. लायोनेलने खिशातून रुमाल काढून पिंपावर अंथरला, ताट उचलून त्यावर नीट मधोमध ठेवलं आणि उभ्याने जेवायला लागला.

खिडकीला दोघं येऊन चिकटले. केन आणि टबी, पॅक हॉर्सची दोन कायमची गिऱ्हाइकं. केन पूर्वी बस चालवायचा. टबी, म्हणजे ढोल्या, काडीसारखा आहे.

"जॅनिस, तुझा कुत्रा टाय लावून आलाय गं," केन म्हणाला.

"वाडग्यात पाणी ठेवलंस का त्याला?" टबी म्हणाला.

"ए, शेपूट बघ हलतंय का."

लायोनेलला खिडकीतली दोन तोंडं दिसली. ऐकू काही आलं नव्हतं. त्याने काटा खाली ठेवून हात केला. त्यांनीही केला. मग केनने फोटो काढला आणि गावाच्या फेसबुकच्या पानावर टाकला. खाली लिहिलं: 'पॅक हॉर्सचं नवीन फाइन डाइनिंग.' तासाभरात सगळ्या वेल्डनबीला हसू फुटलं.

तासाभरातच बॅरीचा फोन आला.

"अंगण तुझ्या लाल रेघेच्या आत आहे, माझे बाई. नकाशा बघ."

जॅनिसने नकाशा बघितला. रेघ अंगणातल्या गटारापर्यंत होती. गटाराच्या पलीकडे गल्ली, आणि गल्लीत कचऱ्याचे डबे. पुढच्या सोमवारी तिने पिंप चार पावलं ढकललं.

"इथे चालेल ना?" तिने विचारलं.

लायोनेलने गटाराच्या जाळीकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. त्याला कळलं.

"अगदी," तो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास."

*

सोमवार दुसरा. वारा. रुमाल दोनदा उडाला. दुसऱ्या वेळी त्याने तो पकडायला ताट सोडलं नाही.

सोमवार तिसरा. गारा. ताटात पडलेल्या त्याने काट्याने एका कडेला केल्या, मटाराचं साल काढून ठेवावं तशा. केनने आतून हॅट काढून सलाम ठोकला.

सोमवार चौथा. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला.

"अपिलाचा फॉर्म आहे, मिसेस पॉकलिंग्टन. साक्षीदाराची सही लागते म्हणतात."

"अहो, तुम्हीच तर अकरा पत्रं वाटलीत माफीची."

"ती तर लोकांना त्रास झाला म्हणून."

"त्यात लिहिलंय, 'माझ्याकडून घडलेल्या'."

"तसं लिहायची पद्धत आहे."

"मग आता पद्धतीनेच घ्या."

त्याने फॉर्मची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तुम्ही दारात होतात. मला तुमचा कोट आठवतो, हिरवा. मी बसलेलो होतो, हे तुम्ही पाहिलं असेल, असं मला आपलं वाटलं."

"मी बरण्या बघत होते."

दारातून बरण्या दिसत नाहीत. त्या स्वयंपाकघरात असतात, दोन भिंतींच्या पलीकडे. 'द फ्लीस'मध्ये चार वर्षं रविवार काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसायचं कारण नव्हतं.

"हो, हो, अर्थात," लायोनेल म्हणाला. "सॉरी. तुम्हाला भलत्याच अडचणीत टाकलं मी."

त्याने स्टेक-पाय संपवला. ताट गटाराच्या अलीकडे ठेवलं, वाकून, रेघेला पाय न लावता.

सोमवार पाचवा. जॅनिसने ताट वाढून दहा मिनिटं खिडकीच्या कट्ट्यावर तसंच ठेवलं. का, ते तिला विचारू नका. ग्रेव्हीवर साय धरली. मग नेऊन दिलं. तो जेवला आणि काही बोलला नाही. 'जवळजवळ'सुद्धा नाही. चार वर्षं ती याच गप्प बसण्याची वाट बघत होती, पण मिळालं तेव्हा ते हवं तितकं गोड लागलं नाही. त्याचाही राग तिने त्याच्यावरच काढला.

"पुढच्या सोमवारपासून नको," ती म्हणाली. "लोक हसतात."

"तुम्हाला?" त्याने विचारलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"मला."

"अरे देवा. मला कल्पनाच नव्हती. सॉरी."

*

मेच्या मध्यापासून लायोनेल सोमवारी अकराच्या बसने मार्केट थॉर्बीला जायला लागला. चाळीस मिनिटांचा रस्ता. पॅक हॉर्ससमोरच थांबा असल्याने केन आणि टबीला दर सोमवारचं काम मिळालं.

"निघाला बघ नवरदेव."

"टाय कुठला आज?"

"ठिपक्यांचा. लग्नच आहे."

केनला आतल्या बातम्या मिळायच्या, कारण बस चालवणारा त्याचा जुना सोबती. दुसऱ्या आठवड्यात त्याने सांगितलं, "थॉर्बीला 'द बेल' म्हणून पब आहे ना, तिथे बसतो म्हणे. खिडकीत. वाढणारी पोरगी त्याला नावाने हाक मारते. लायोनेल, म्हणते. नुसतं लायोनेल!"

"चल रे," टबी म्हणाला.

"शपथ. आणि परवा हसत होता म्हणे. आवाज काढून."

जॅनिस पेले पुसत होती. "हसायला काय झालं त्याला?"

"ते मला काय ठाऊक? पण ड्रायव्हर सांगत होता, बसमध्ये चढता चढता म्हणाला, ग्रेव्ही काय होती राव."

"जवळजवळ?" जॅनिसने विचारलं.

"काय जवळजवळ?"

"काही नाही."

तिने उरलेले पेले पुसले. मग वर गेली, कॉम्प्युटर सुरू केला आणि संघाची नियमावली उघडली. कलम नऊ: शेजारच्या गावांच्या संघांना माहिती देणे चिटणिसाच्या मर्जीवर राहील. बॅरीने तिला काही सांगितलं नव्हतं. बॅरी लायोनेलला केव्हाच विसरला होता. लॉर्नाचा नवरासुद्धा विसरला होता.

तिने लिहिलं. 'मार्केट थॉर्बीच्या संघाचे चिटणीस यांस. खाली नाव दिलेली व्यक्ती आपल्या हद्दीत येत असल्याचे समजते. आपल्या सभासदांची व ग्राहकांची सुरक्षितता लक्षात घेऊन ही माहिती कळवत आहोत.' शेवटी 'कृपया' घातलं. मग 'कृपया' दोनदा झालं म्हणून एक काढलं.

फोटोंपैकी ऑड्रीच्या बोटांचा तिने घेतला नाही. केनने काढलेला घेतला, अंगणातला, पिंपाशी उभा. त्यात चेहरा स्पष्ट होता आणि काटा वर होता.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. 'आभारी आहोत. बोर्डावर लावला.'

*

पुढच्या सोमवारी तो अकराच्या बसने गेला आणि साडेबाराच्या बसने परत आला. एरवी तीनला यायचा.

तो थांब्यावर उतरला. बस गेली. तो तिथेच उभा राहिला, ज्या बाजूला बस गेली तिकडे बघत. मग थांब्याच्या बाकावर टोकाला बसला, दुसऱ्या कुणाला जागा राहावी असा.

"लवकर आला गं आज," केन खिडकीतून म्हणाला.

"जेवला असेल का?" टबीने विचारलं.

"तोंडावरनं तर वाटत नाही."

जॅनिस खिडकीशी आली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बाक. अंतर तीस पावलं. लायोनेलने मान वर केली आणि तिला पाहिलं. त्याने हात केला नाही. पहिल्यांदाच. त्याने नुसतं पाहिलं, नकाशावर चुकलेली रेघ पाहावी तसं, बराच वेळ. मग उठला आणि घराच्या दिशेने चालायला लागला. वाटेत चिप्सचं दुकान लागलं. तिथे तो थांबला नाही.

"सुपात मीठ जास्त पडलंय का गं?" टबीने विचारलं.

"गप खा," जॅनिस म्हणाली.

नंतर तो कुठल्याच बसला दिसला नाही. केन चार-पाच सोमवार अकरा वाजता खिडकीशी जाऊन बसला, मग त्यालाही कंटाळा आला. जूनच्या बैठकीत बॅरीने तंबू जॅनिसला दिला. ठराव एकमताने मंजूर झाला. या वेळी शफीक मियाँचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

त्याच वर्षीच्या जानेवारीत 'द फ्लीस'मध्ये दोघा भावांनी पूल खेळायच्या काठीने एका माणसाचं डोकं फोडलं होतं आणि संघाने त्यांना तोंडी ताकीद देऊन सोडलं होतं.